अंदाजे यमन

मैफलीहून परतलेल्या माणसाला आमच्या बोईसरमध्ये दोन प्रश्न विचारतात. "कोण होतं?" हा पहिला. तो सोपा, कारण नाव तिकिटावर छापलेलं असतं. "काय गायले?" हा दुसरा, आणि इथे माझ्यासारख्याची पंचाईत होते. दोन तास मन लावून ऐकलेलं असतं, एकदोनदा अंगावर काटाही आलेला असतो, पण त्या काट्याचं नाव काही सांगता येत नाही. अशा वेळी मी "यमन" म्हणतो. यात अभ्यास नाही, निव्वळ हिशेब आहे. मैफली संध्याकाळी असतात, यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि नवशिक्यापासून पद्मविभूषणापर्यंत सगळेच तो गातात. शिवाय विचारणाऱ्यालाही बहुधा यमन एवढाच ठाऊक असतो. तो "वा! यमन म्हणजे काय!" असं म्हणतो, मीही "काय!" म्हणतो, आणि आम्ही दोघं समाधानाने मासळी घ्यायला जातो.

गाणाऱ्यांचं बरं असतं. त्यांना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी पायरीपायरीने त्यांची लायकी ठरते. ऐकणाऱ्यांसाठी अशी परीक्षाच नाही. त्यामुळे झालंय असं की जो तो स्वतःच स्वतःला विशारद करून घेतो, आणि ते प्रमाणपत्र शेजारच्या खुर्चीवाल्याला दाखवल्यावाचून त्याला चैन पडत नाही. गायकाने दोन स्वर लावले न लावले तोच हा कानात कुजबुजतो, "पूरिया." मग पाच मिनिटांनी, "नाही नाही, मारवा." दोन्हींचे स्वर तेच, चालचलणूक वेगळी, हे मला नंतर कोणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा त्या माणसाबद्दल आदर वाटला. पण त्या क्षणी मात्र तो माझ्या डाव्या कानात नावं ओतत होता आणि गाणं बिचारं उजव्या कानावर भागवत होतं.

माझं निरीक्षण असं की, राग ओळखला की या मंडळींचं निम्मं काम संपतं. पाटी वाचली, स्टेशन कळलं, आता मोबाइल बघायला हरकत नाही. आम्हांला पाटी वाचता येत नाही, म्हणून आम्ही खिडकीबाहेर बघत राहतो.

बोईसरचा श्रोता तयार कसा झाला, हेही पाहण्यासारखं आहे. १९६९ साली तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं. देशातलं ते पहिलंच. त्यासाठी देशभरातून माणसं आली आणि त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पाठोपाठ एमआयडीसी आली. त्यामुळे आमच्याकडे एखादी बैठक झाली की समोरच्या सतरंजीवर अर्धा भारत बसलेला असतो. त्यातले तामीळ आजोबा लगेच ओळखू येतात. कर्नाटक संगीताचा रसिक ताल लपवत नाही. मांडीवर थाप, मग करंगळीपासून बोटं, मग पालथा हात, असा उघड हिशेब मांडतो. आपला मराठी रसिक मात्र मान हलवतो. मान हलवण्यात एक सोय आहे. चुकली तरी कोणाला सिद्ध करता येत नाही.

बंगाली काकू डोळे मिटून ऐकतात. त्या तल्लीन आहेत की झोपल्या आहेत, हे टाळ्यांच्या वेळी कळतं. आणि एक गृहस्थ असे असतात की "क्या बात है" त्यांच्या तोंडून नेहमी अर्धी मात्रा आधी निसटतं. गायकाने जागा घ्यायचं मनात आणलेलं असतं, घेतलेली नसते. मग एवढी दाद मिळालीच आहे म्हणून बिचाऱ्याला ती घ्यावी लागते. कित्येक चांगल्या जागा या गृहस्थांमुळे जन्माला आल्या असतील, असं मला वाटतं.

दिवाळी पहाट हा आणखी वेगळा प्रकार. पहाटे साडेपाचला अभ्यंगस्नान उरकून, अत्तर लावून, नव्या कुर्त्यांच्या घड्या न मोडता गाव मांडवात बसतं. समई पेटवायची, तर स्टँडचा पंखा ती विझवतो. पंखा बंद करावा, तर प्रमुख पाहुण्यांना घाम येतो. मग शाल, श्रीफळ, प्रायोजकांची नावं, आणि त्यानंतर निवेदिका. निवेदिकेला पहाट, दव, प्राजक्त आणि स्वर या चार गोष्टींवर बोलायचं असतं, आणि ती एकही सोडत नाही. गायक भैरव मनात धरून आलेला असतो. माइक हाती येईपर्यंत ऊन मांडवाच्या कनातीवरून त्याच्या मांडीवर उतरतं, आणि तो निमूटपणे अभंगाला हात घालतो.

आता आमच्या सौ.च्या मामांबद्दल सांगायला हवं. मामा एमआयडीसीतल्या एका कापड गिरणीत फिटर होते. दुखणाईत मोटर ते स्क्रूड्रायव्हरने ऐकत. टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. धडधाकट बेअरिंग एकसारखं गुणगुणतं. ग्रीस संपलं की कोरडं कुरकुरतं. गोळीवर ओरखडा पडला की मधूनमधून टक् टक् करतं. साहेब लोक मीटर घेऊन यायच्या आत मामांचं निदान झालेलं असे. सा कोणता आणि रे कोणता हे मामांना आजही सांगता येणार नाही. पण मी त्यांना दादरच्या एका मैफलीला नेलं, तेव्हा पडदा वर गेला, गायकाच्या मागे दोन शिष्या तानपुरे जुळवत बसल्या होत्या, आणि मामा डोळे मिटून म्हणाले, "डावीकडचा अजून लागला नाही."

मी म्हटलं, "मामा, हळू."

तेवढ्यात गायकाने मान न वळवता डावा हात मागे नेला आणि त्या तानपुऱ्याची खुंटी किंचित पिळली. मामांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तेव्हापासून मैफलीला जाताना मी मामांना नेतो म्हणण्यापेक्षा मामा मला नेतात.

तानपुऱ्याला चार तारा, त्यांच्याखाली घोडीवर सरकवायचा तो जवारीचा दोरा, आणि सभागृहातल्या वातानुकूलनाने तासातासाला बिघडणारं सगळं गणित. या जुळवाजुळवीचा आपल्याकडे कंटाळा करतात. न्यूयॉर्कला लोकांनी उलटं केलं. १ ऑगस्ट १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मोठा कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवून थांबले, आणि हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले, जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वाजवणं याहून आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा अडाणी श्रोत्यांची टिंगल म्हणून सांगतात. मामांना सांगितला तर ते म्हणाले, "टाळ्या बरोबरच होत्या. मशीन जुळली की मीच टाळी वाजवायचो."

विलंबित ख्याल हा अडाणी श्रोत्याचा खरा घाट. एकतालाच्या बारा मात्रा, आणि एकेक मात्रा इतकी लांबवलेली की एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर सहज लागावं. मी आधी मोजायला जात असे. तिसऱ्या मात्रेला गायकाने काहीतरी सुंदर केलं की मी मोजणं विसरे, आणि मोजत राहिलं की सुंदर ते निसटे. मामांनी उपाय सांगितला. "जावईबापू, मोजू नका. तबलजीच्या भुवया बघा." आणि खरंच, गायक कितीही दूर भटकत गेलेला असो, एका क्षणी तो मुखडा उचलतो, तबलजीच्या भुवया वर जातात, पेटीवाला पुढे वाकतो, मागच्या शिष्यांच्या चेहऱ्यावर घरी आल्यासारखे भाव येतात, आणि धिं! सगळं सभागृह एकाच वेळी "हां" म्हणतं. त्या "हां"मध्ये विशारदही असतात आणि आम्हीही. कोणाला बाराव्या मात्रेवरून कळलं, कोणाला भुवयांवरून, हे वरून ओळखू येत नाही.

तबलजीइतकंच पेटीवाल्याकडेही बघावं. गायक जे क्षणापूर्वी गायला ते याने लगेच, पण किंचित मागून, आणि गायकाहून चांगलं न वाजवता काढायचं असतं. असली नोकरी सगळ्यांना जमत नाही. शिवाय या वाद्याच्या वाट्याला वनवासही आलेला आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत टिकली. मींड नाही, श्रुती नाहीत, परदेशी वाद्य, असे आरोप होते. मामांनी एकदा पेटीवाल्याला तासभर ऐकून शेरा दिला, "सज्जन आहे." शास्त्रीय संगीतावर मी वाचलेल्या बऱ्याच समीक्षेपेक्षा हा मला नेमका वाटतो.

अडाणी श्रोत्याला शहाणं करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सर्वांत मोठा आपल्याच मराठी माणसाने केला. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. संगीताची उत्तम जाण, हेतू नेक. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली आणि रागदारीला भरपूर वेळ मिळाला. जनतेने काय करावं? रेडिओची खुंटी फिरवून सिलोन लावलं. रागदारीऐवजी सिलोनवरचे अमीन सयानी घरोघर पोचले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढून सिनेसंगीताला घरी परत आणावं लागलं. सक्तीने पाजलेलं दूध कितीही सकस असलं तरी पोर तोंड फिरवतंच.

पण त्याच केसकरांच्या काळात शनिवारी रात्रीची संगीताची अखिल भारतीय मैफल रेडिओवर सुरू झाली, आणि तिने पुढे कितीतरी फिटर, कारकून, मास्तर नादाला लावले, हेही नाकारता येत नाही. मामांच्या रात्रपाळीत गिरणीच्या कोपऱ्यात एक ट्रान्झिस्टर असे. मामांचा दावा असा की, मागे साचे धडधडत असताना ऐकलं की गाणं जास्त कळतं, कारण "सगळं ऐकू येत नाही, म्हणून नीट ऐकावं लागतं."

महाराष्ट्रात तर अडाणी श्रोत्याने मोठीच कामगिरी केलेली आहे. १९१६ साली 'संगीत स्वयंवर' आलं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेल्या माणसाच्या. गाणारे बालगंधर्व. पिटातल्या प्रेक्षकाला राग विचारला असता तर त्याने विचारणाऱ्यालाच खुळ्यात काढलं असतं. पण त्याला 'वन्स मोअर' हे दोन इंग्रजी शब्द येत होते, आणि ते कुठे ओरडायचे हे अचूक कळत होतं. आवडलेल्या पदासाठी तो ओरडायचा, बालगंधर्व पुन्हा नव्याने गायचे, आणि गाड्या चुकायच्या. घराण्यांनी दारं लावून जपलेली विद्या पिटाच्या तिकिटांवर गावोगाव गेली ती या ओरडणाऱ्यांच्या जिवावर.

अडाणी श्रोता फार मनावर घेतो तेव्हा काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, असं गाणं शिकायचं म्हणून घर सोडलं. खिशात पैसे नव्हते. वाटेत तिकीट तपासनीस आला की तो गाऊन दाखवायचा आणि गाडी पुढे जायची. असं करत भीमसेन जोशी ग्वाल्हेरला पोचले. डहाणू लोकलमध्ये हा प्रयोग करू नये. आमच्याकडचे टीसी गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग पावती फाडतात.

याच भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव हा आमच्यासारख्यांचा पंढरपूर. पूर्वी तिथे रात्रभर गाणं चाले. लोक घोंगड्या, थर्मास, चकल्यांचे डबे घेऊन डिसेंबरच्या थंडीत बसत आणि सूर्य बघूनच उठत. पुढे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, सरकारने एखाद्या दिवशी सवलत दिली तरी बारापर्यंतच. नियम चांगलाच आहे. आमच्या बिल्डिंगखाली वाजणाऱ्या डीजेच्या बाबतीत मी त्याचा कडवा समर्थक आहे. पण मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग आणि पहाटेआधीचा ललित यांची मात्र त्यात गोची झाली. ते आता बिचारे गायक संध्याकाळी साडेसातला, पोळी-भाजीच्या वेळी, मध्यरात्र झाली आहे असं समजून गातात.

या बाबतीत बोईसरची माणसं भाग्यवान म्हणायला हवीत. संगीतातले प्रहर आठ, एमआयडीसीच्या पाळ्या तीन. रात्रपाळीचा माणूस मालकंसच्या वेळी हक्काने जागा असतो आणि ललितच्या वेळी त्याला पगार मिळत असतो. दुपारी पाळी सुटून घरी चालत निघालेल्या माणसाच्या थकव्याला भीमपलास इतका बसतो की तो राग कोणीतरी कारखान्याच्या भोंग्याकडे बघूनच बांधला असावा.

आणि थोडं पूर्वेला, डोंगराकडे सरकलं, की हे सगळेच प्रश्न गळून पडतात. तिथे तारपा वाजतो. वाळलेला दुधी, त्याला बांबूच्या दोन नळ्या, टोकाला पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तुटू न देता वाजवत राहतो आणि कमरेला हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती फिरत राहतात. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या वारली चित्रांत हा फेर गोल गोल गुंडाळत गेलेला आहे, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तो दिल्लीपर्यंत पोचला. मी असा फेर बघायला उभा होतो, तेव्हा सवयीने शेजारच्या आजीला विचारलं, "हे काय वाजवतोय?" तिने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाली, "तारपा." मग हाताला धरून आत ओढलं. तिथे ऐकणाऱ्याने बाजूला बसायची सोयच नाही.

आमची बाजूला बसायची सोय आहे, परत यायची नाही. मुंबईपासून बोईसर शंभरेक किलोमीटर. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली, पण रात्रीच्या गाड्या मोजक्या. दादरला मैफल सहाला म्हणजे साडेसहाला सुरू होते. पहिला कलाकार तरुण, त्याच्यामागे चहा, मग सत्कार, आणि मुख्य गायक साडेआठला बसतो. तो सावकाश षड्ज लावतो. सावकाश विलंबित मांडतो. सवा नऊला तो तबलजीकडे बघून हसतो, म्हणजे आता द्रुत येणार, आणि नेमक्या त्याच क्षणी मामा माझ्या गुडघ्यावर बोट आपटतात. आम्ही वाकून, क्षमा मागत, दहा लोकांच्या चपला तुडवत बाहेर पडतो. देशातल्या बहुतेक मोठ्या गायकांचं निम्मं गाणं आम्ही प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. मोठ्या कलावंतांची शेवटची भैरवी आमच्या वाट्याला फक्त पुण्याला मुक्काम केला तरच येते, आणि तिथे आमच्या मेव्हण्यांकडे पाहुण्यांनाही दहाला दिवा मालवावा लागतो.

मामांना याचं दुःख नाही. त्यांचं म्हणणं, एकदा वेग कळला, गाणाऱ्याची चाल कळली, की पुढचं आपलं आपल्याला लावता येतं. परवा असेच उठून निघालो. विरार फास्टमध्ये अंधेरीला कशीबशी चौथी सीट मिळाली. बोरिवलीला मामांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला. "आता द्रुत," ते म्हणाले. मिरा रोडला ठेका वाढला. "आता तराणा." समोरचा एक दमलेला प्रवासी आधी संशयाने बघत होता, मग त्याचाही पाय हलू लागला. भाईंदरच्या खाडीवर गाडीचा आवाज एकदम पोकळ झाला. मामांनी घड्याळ बघितलं. दहाला दोन मिनिटं होती.

"भैरवी," मामा म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प बसले.

समोरच्या माणसाला राहवलं नाही. "कोणाची?" त्याने विचारलं.

मामांनी गायकाचं नाव सांगितलं.

"चांगले गायले?"

"आज फारच रंगली," मामा म्हणाले. मग टोपी डोळ्यांवर ओढून माझ्याकडे वळले, "जावईबापू, झालं गाणं. विरारला उठवा."